डब्यातली पट्टी

आबा गेले २०२१ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी. त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तूंची यादी करायला घेतली तर ती एका पोस्टकार्डावर मावली असती. दोन धोतरं, एक काळा कोट, चष्म्याच्या तीन रिकाम्या केसेस, पेन्शनचं पुस्तक, आणि ग्लुकोज बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. डब्यात स्क्रू, वायसर, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, अर्धवट झिजलेली कानस, आणि एक पट्टी.

ही पट्टी मी लहानपणापासून बघत आलोय. रंगाचे डबे उघडायला आबा ती वापरत. आजीने एकेकाळी तिने कढईतली खरवड काढलेली आहे. मी स्वतः तिने कॅरमच्या भोकाखालची जाळी उचकटून सोंगटी काढलेली आहे. पण ती मुळात कशाची, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नव्हता. घरात असते तशी ती होती.

वाटण्या झाल्या (म्हणजे काळा कोट धाकट्या काकांकडे गेला) आणि डबा माझ्याकडे आला, कारण "तू इंजिनियर आहेस, तुला लागेल." मी सॉफ्टवेअरवाला आहे. मला आयुष्यात वायसर लागलेला नाही. पण नातेवाइकांना हा फरक समजावून सांगण्याचा नाद मी दुसऱ्या सेमिस्टरलाच सोडून दिला होता.

तर पट्टी. चपटी, पोलादी, बोटभर लांब. एका टोकाला कानासारखा गोल भाग आणि त्यात आरपार भोक. एक कड सरळ, दुसरी कड किंचित वळणाची, आणि त्या बाजूला बोटाने धरून ओढता येईल असा छोटा उंचवटा. मूळचा काळसर रंग कडांवरून उडालेला. भिंगाखाली धरली तर एका कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याहून लहान ठसा दिसतो: मुकुट, आणि त्याखाली एक अक्षर व आकडा.

मुकुटाने माझी झोप उडवली. कढईची खरवड काढायच्या वस्तूवर इंग्लंडचा मुकुट काय करतोय?

आधी मी माझ्या पिढीचा माणूस जे करतो तेच केलं. फोटो काढला आणि मशीनला विचारलं. उत्तर आलं, बाटली उघडायचं ओपनर. दुसऱ्या कोनातून फोटो काढल्यावर दाराची कडी, तिसऱ्या वेळी शिवणयंत्राचा भाग. मशीनला पूर्ण वस्तू ओळखता येतात. सुट्या भागाला चेहरा नसतो. मग जुन्या पद्धतीने बसलो. दुसऱ्याने लिहिलेला, कॉमेंट नसलेला कोड समोर आला की आपण विचारतो, हे फंक्शन काय घेतं आणि काय देतं? तसंच इथे. भोक एका टोकाला आहे, म्हणजे पट्टी त्या भोकातल्या स्क्रूभोवती फिरते. उंचवटा बाहेरच्या बाजूला आहे, म्हणजे ती माणसाच्या बोटाने आतबाहेर करायची आहे. दोन्ही सपाट बाजू गुळगुळीत घासलेल्या आहेत, म्हणजे ती कुठल्यातरी अरुंद खाचेत सरकत असणार. आणि ठोकून पातळ केलेला पत्रा हा नव्हे. चांगल्या पोलादातून काळजीपूर्वक कापलेला भाग आहे, तपासणाऱ्याने तपासून ठसा मारलेला.

थोडक्यात, हा एक स्विच होता. आत किंवा बाहेर, शून्य किंवा एक. पण कशाचा?

आबांची नोकरी आठवली असती तर हे सगळं पाच मिनिटांत उलगडलं असतं. आबा मुंबईच्या पोलिसांत होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ते 'तसले' पोलीस नव्हते हेही तितकंच माहीत होतं. ते कधी चौकात उभे राहिले नाहीत, त्यांनी कुणाला पकडलं नाही. कोरेगाव तालुक्यातून १९४९ साली भरती झालेला हा मुलगा लोहाराच्या हाताखाली काम केलेला होता, म्हणून त्याला कोतमध्ये घेतलं. कोत म्हणजे शस्त्रागार. तिथे ते आर्मरर झाले आणि निवृत्त होईपर्यंत आर्मररच राहिले. रायफली पुसायच्या, तपासायच्या, दुरुस्त करायच्या, मोजायच्या. सदतीस वर्षं.

वडिलांच्या ओळखीतले एक निवृत्त आर्मरर साताऱ्याला राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मी पट्टी घेऊन त्यांच्याकडे गेलो. खिशातून काढून तळहातावर ठेवली आणि 'ओळखा पाहू' असा चेहरा केला. त्यांनी चष्माही लावला नाही.

"थ्री-नॉट-थ्रीचा कट-ऑफ. कुणाचा?"

"आमच्या आबांचा."

"आबांचा नाय, सरकारचा," ते म्हणाले आणि हसले. मग त्यांनी आतून लाकडी पट्टी आणि काडेपेटी मागवली. लाकडी पट्टी म्हणजे रायफल, काडेपेटी म्हणजे मॅगझीन, काड्या म्हणजे काडतुसं. अर्ध्या तासात त्यांनी मला जे दाखवलं ते नंतर मी जुन्या मस्केट्री पुस्तिकांतल्या आकृत्यांशी ताडून पाहिलं. शब्द न् शब्द बरोबर होतं.

थ्री-नॉट-थ्री म्हणजे ली-एनफिल्ड रायफल. ज्या रूपात ती हिंदुस्थानात सर्वांत जास्त चालली ते रूप, मार्क तीन, १९०७ साली मंजूर झालं. तिच्या पोटाखाली दहा काडतुसांचं मॅगझीन असतं. बोल्ट मागे ओढून पुढे ढकलला की वरचं काडतूस उचललं जाऊन नळीत बसतं. गोळी झाडा, बोल्ट मागे, रिकामी पुंगळी बाहेर, बोल्ट पुढे, दुसरं काडतूस आत. सरावलेला सैनिक मिनिटाला नेम धरून पंधरा गोळ्या झाडू शकत असे.

आता या रायफलीच्या उजव्या अंगाला, बोल्टच्या खाली, एक आडवी खाच असते. माझी पट्टी त्या खाचेत बसते. उंचवट्याला धरून ती बाहेर ओढली तर रायफल वर सांगितल्याप्रमाणे चालते. आत ढकलली तर पट्टी मॅगझीनच्या तोंडावर झाकणासारखी येते. खाली दहा काडतुसं भरलेली असतात, पण बोल्ट त्यांच्यावरून नुसता सरकत जातो. त्याला ती दिसतच नाहीत. सैनिकाने पट्ट्यातून एक काडतूस काढायचं, त्या पट्टीवर ठेवायचं, बोल्ट बंद करायचा, झाडायचं. परत एक काढायचं. दहा गोळ्यांची बंदूक एका गोळीची होते. मॅगझीनमधल्या दहा राखीव. त्या केव्हा वापरायच्या ते अधिकारी ठरवणार.

"म्हणजे पूर्ण भरलेली बंदूक हातात देऊन वर झाकण लावायचं?" मी विचारलं.

"झाकण म्हण, कुलूप म्हण," ते म्हणाले. "शिपायाला जास्त दिलं की तो उधळतो, असं सायबाला वाटायचं."

हे वाटणं जुनं होतं आणि ते फक्त इंग्रजांचं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदुका इतक्या झपाट्याने बदलल्या की सेनापतींचं डोकं मागे राहिलं. १८७१ साली ब्रिटिश फौजेत आलेली मार्टिनी-हेन्री एका वेळी एकच काडतूस घेई. त्यानंतर सतराच वर्षांनी, १८८८ मध्ये, ली-मेटफर्ड आली. तिला सुरुवातीला आठ काडतुसांचं मॅगझीन होतं. यंत्रणा जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या माणसाची. लष्कराने ती स्वीकारली, पण तिला घाबरतच. सैनिक गोंधळून सगळ्या गोळ्या पाच मिनिटांत संपवेल, मग आघाडीपर्यंत दारूगोळा पोचवायचा कुणी? खेचरांनी? हा प्रश्न अगदीच मूर्खपणाचा नव्हता. ज्याने कधी डोंगरात रसद पोचवली आहे त्याला तो पडणारच. म्हणून उपाय निघाला: मॅगझीन द्यायचं, पण त्यावर कट-ऑफ बसवायचा. शिवाय सुरुवातीच्या ली-मेटफर्डचं मॅगझीन कडीने बंदुकीला अडकवलेलं असे, सैनिकाने हरवू नये म्हणून. बँकेत दोरीने बांधलेलं पेन पाहिलं की मला आता हटकून ली-मेटफर्ड आठवते.

फ्रेंचांच्या लेबेल रायफलीला कट-ऑफ होता, अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्डलाही होता. आमच्या धंद्यात याला रेट लिमिटर म्हणतात. सर्व्हरची ताकद दहाची असते, पण समोरच्यावर भरवसा नसतो, म्हणून त्याला एकेकच विनंती करू द्यायची. मी स्वतः असे लिमिटर लिहिले आहेत आणि ते लिहिताना मला कायम हेच वाटलेलं आहे की मी व्यवस्था वाचवतोय. वापरणाऱ्याचा अपमान करतोय असं कधी वाटलं नाही.

कट-ऑफची गरज कुणी संपवली? लढाईने. बोअर युद्धात, १८९९ ते १९०२, ब्रिटिशांसमोर माउझर घेतलेले शेतकरी होते. ते पाच काडतुसांची पट्टी एका दाबात मॅगझीनमध्ये भरत, आणि इकडे ब्रिटिश सैनिक सुटी काडतुसं एकेक करून भरत बसे. त्यातून धडा घेऊन नव्या रायफलीला पाच-पाच काडतुसांचा चार्जर आला, पण कट-ऑफ राहिलाच. एकाच बंदुकीत भराभर भरायची सोय आणि भराभर झाडू न देण्याची सोय, दोन्ही शेजारी शेजारी! ज्याने कुठल्याही मोठ्या कंपनीत काम केलंय त्याला यात नवल वाटणार नाही. दोन समित्यांनी दोन निर्णय घेतले असतील आणि दोन्ही अमलात आले असतील.

मग १९१४ आलं. बेल्जियममध्ये मॉन्सला ब्रिटिश पायदळाने इतक्या वेगाने गोळ्या झाडल्या की समोरच्या जर्मनांना त्या मशीनगन वाटल्या, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, पुढच्या दीड वर्षात एक गोष्ट पक्की झाली. खंदकातल्या सैनिकाला गोळ्या राखून ठेवायला सांगणारं झाकण नको होतं, आणि लाखोंनी रायफली बनवणाऱ्या कारखान्यांना असा निरुपयोगी भाग कापत बसायला वेळ नव्हता. १९१६ च्या सुरुवातीला मार्क तीनची सोपी आवृत्ती मंजूर झाली. नावापुढे एक तारा लागला आणि कट-ऑफ गेला. काही रायफलींत खाच तेवढी राहिली, रिकामी. कोड काढून टाकावा आणि त्याचा इंटरफेस तसाच राहावा, तशी.

इथपर्यंतची गोष्ट इंग्लंडची. ती वाचून झाल्यावर मी पट्टी परत डब्यात टाकणार होतो. पण कट-ऑफचा इतिहास शोधताना हिंदुस्थानातल्या बंदुकांचा इतिहास वाटेत आडवा आला, आणि तो वाचल्यावर ती पट्टी मला पहिल्यासारखी हातात धरवेना.

१८५७ आपण शाळेत शिकतो ते काडतुसांपासून. गाईची चरबी, डुकराची चरबी. ती काडतुसं ज्या बंदुकीची होती ती एनफिल्ड म्हणजे त्या वेळची अद्ययावत रायफल. नळीला आतून पेच असलेली, त्यामुळे लांबवर अचूक. तिच्या काडतुसांवरून उठाव झाला हे सगळ्यांना ठाऊक असतं. उठाव मोडल्यावर त्या बंदुकीचं काय झालं हे फारसं कुणी सांगत नाही. ती देशी शिपायांच्या हातून काढून घेतली. त्यांच्यासाठी १८५८ च्या नमुन्याची वेगळी बंदूक काढण्यात आली. बाहेरून हुबेहूब एनफिल्ड, पण नळी आतून सपाट केलेली. पेच नाहीत, अंतराप्रमाणे वरखाली करायची माशी नाही. दिसायला रायफल, मारायला जुनी मस्केट.

हे एकदाच झालं नाही; ते धोरण झालं. १८५९ च्या पील कमिशनने बंगालमध्ये दोन देशी शिपायांमागे एक गोरा आणि मुंबई व मद्रासमध्ये तीन देशींमागे एक गोरा असं प्रमाण सुचवलं. तोफखाना जवळजवळ पूर्णपणे गोऱ्यांकडे गेला. देशी तोफची उरले ते मुख्यतः डोंगरी बॅटऱ्यांत. आणि बंदुकांच्या बाबतीत एक न मोडणारा क्रम पडला: गोऱ्या पलटणीच्या हाती जे असेल त्याच्या एक पिढी मागचं देशी पलटणीच्या हाती. गोऱ्यांकडे मार्टिनी आली तेव्हा देशी पलटणींना गोऱ्यांनी टाकलेल्या स्नायडर मिळाल्या. गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा देशींना मार्टिनी मिळाली. सामान्य लोकांसाठी तर लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने दारच बंद केलं.

१९१४ च्या सप्टेंबरात हिंदी फौज फ्रान्सला मार्सेल्सच्या बंदरात उतरली तेव्हा तिच्या हातातल्या रायफली आणि काडतुसं तिथे लढणाऱ्या ब्रिटिश फौजेहून जुनी निघाली. बंदरावरच रायफली बदलून नव्या दिल्या गेल्या, आणि हातात नवी असलेली ती बंदूक घेऊन माणसं थोड्याच दिवसांत आघाडीवर गेली. साठ वर्षं ज्यांना मागच्या पिढीची बंदूक दिली, त्यांना मरायची वेळ आली तेव्हा मात्र नवी मिळाली.

बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने पुढे आणखी एक बंदूक बनवली, ती आबांनी नक्की हाताळली असणार. चार-दहाची मस्केट. थ्री-नॉट-थ्री घ्यायची, नळी आतून मोठी आणि सपाट करायची, मॅगझीनमध्ये ठोकळा बसवायचा. दहा गोळ्यांची रायफल कायमची एका गोळीची होते. काडतूसही वेगळं, म्हणजे ते चोरून कुणाला खऱ्या रायफलीत वापरता येऊ नये. ही पोलिसांसाठी, तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी होती. साताऱ्याच्या काकांनी तिचं वर्णन एका वाक्यात केलं. "कट-ऑफ बाहेर ओढता तरी येतो. हिच्यात ठोकळाच."

माझ्या डोक्यात एक चित्र तयार झालं होतं ते इथे सांगून टाकतो. एक शोषित, अविश्वासाने वागवला गेलेला देशी शिपाई, आणि त्याच्या हातातल्या बंदुकीवर साहेबाचं झाकण. माझे आबा त्या झाकणाची आठवण डब्यात जपून ठेवतात. लेख इथे संपवता आला असता. मी तसा संपवलाही होता. मग तो आजीला वाचून दाखवला.

आजी अठ्ठ्याऐंशीची आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते झाकण रानटी होतं म्हणतोस. आणि नसतं तर?"

मला कळलं नाही.

"तुझ्या नानांना विचारायचंस."

नाना म्हणजे माझ्या आईचे वडील. लालबागला चाळीत राहायचे, गिरणीत साचे चालवायचे. तेही आता नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत होते, आणि ही गोष्ट ते दर एक मेला नव्याने सांगत. २१ नोव्हेंबर १९५५ ला ते फ्लोरा फाउंटनकडे निघालेल्या मोर्च्यात होते. त्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला आणि पंधरा माणसं गेली. मग १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित होणार असं रेडिओवरून जाहीर केलं आणि शहर पेटलं. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. पुढचे कित्येक दिवस गिरणगावात गोळीबार होत राहिला. आज हुतात्मा चौकातल्या स्मारकामागे जी शंभरावर नावं आहेत त्यांतली बहुतेक त्या जानेवारीतली. नानांच्या खात्यातला एक मुलगा त्यांच्या शेजारी पडला. तो कुठे उभा होता, त्याच्या पायात काय होतं, हे नाना तपशिलात सांगत.

त्याच दिवसांत आबा कोतमध्ये होते.

हे दोन वाक्यांत आत्ता लिहिताना सोपं वाटतंय. पण अठ्ठावीस वर्षांत मी ही दोन माणसं एका वाक्यात कधी ठेवली नव्हती. माझ्यासाठी ते दोघं दिवाळीला पत्ते कुटणारे व्याही होते. आईबाबांचं लग्न झालं ते १९९१ मध्ये; तोवर पस्तीस वर्षं उलटून गेली होती.

आजीचं लग्न १९५४ चं. त्या जानेवारीत ती नायगावच्या पोलीस लाइनीत, एका खोलीत, एकोणीस-वीस वर्षांची. ती म्हणाली, आबा चार दिवस घरी आले नाहीत. आले तेव्हा जेवले नाहीत. अंगाला तेलाचा वास होता. तो रोजच असे. तिने विचारलं, तुम्ही कुठे होता? ते म्हणाले, मोजत होतो.

"काय?"

"पुंगळ्या."

कोतचा नियम साधा असतो. रायफल जाताना तिच्याबरोबर किती काडतुसं गेली ते वहीत लिहायचं. परत आली की उरलेली काडतुसं आणि रिकाम्या पुंगळ्या मोजायच्या. बेरीज जुळली पाहिजे. नाही जुळली तर शिपायाची चौकशी. मग नळीत फुलतरू ओढायचा, तेलाची चिंधी फिरवायची, काळं निघेपर्यंत. झाडलेल्या रायफलीची चिंधी काळी निघते आणि न झाडलेलीची स्वच्छ. म्हणजे बाहेर कुणी काय सांगो, कोतमधल्या आर्मररला आकडा माहीत असतो. रायफलवार माहीत असतो. कुणी एक झाडली, कुणी सात झाडल्या, कुणी झाडलीच नाही.

"त्यांनी आकडा सांगितला तुला?" मी विचारलं.

"नाही. पण एक सांगितलं. म्हणाले, पुष्कळशा रायफली स्वच्छ होत्या." आजी थोडा वेळ थांबली. "हे ते दोनदा म्हणाले."

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करतोय. हातात दहा गोळ्या असलेल्या माणसाने किती झाडायच्या हे कोण ठरवतं? ब्रिटिशांनी उत्तर दिलं: एक लोखंडी पट्टी. शिपायावर विश्वास नाही, म्हणून पट्टी. त्या उत्तराचा मला राग येतो आणि तो योग्यच आहे, कारण ज्यांच्यावर अविश्वास होता ते आपले लोक होते. पण १९५६ मध्ये पट्टीच्या दोन्ही बाजूंना आपलेच लोक होते. एका बाजूला कोरेगावचा, दुसऱ्या बाजूला लालबागचा. तिथे कुठल्या बाजूचा राग धरायचा? रायफल स्वच्छ परत आणणाऱ्यांच्या हातात कट-ऑफ असलेली बंदूक होती की नसलेली, याने काही फरक पडला नव्हता. त्यांनी स्वतःच हात आवरला होता. आणि ज्यांनी झाडल्या त्यांना कुठल्याही पट्टीने अडवलं नव्हतं. आदेश आला की ती बाहेर ओढायला किती वेळ लागतो? मी ती हजार वेळा ओढून पाहिली आहे, मनातल्या मनात. अर्धा सेकंद.

नाना दर एक मेला हुतात्मा चौकात जात, शेवटपर्यंत. आबा त्या दिवशी घरातून बाहेर पडत नसत. 'आज गर्दी असते,' म्हणत. मी ते खरं मानलं होतं. नाना हार घालून संध्याकाळी आमच्याकडे येत आणि दोघं पत्ते मांडून बसत. नानांना आबांची नोकरी ठाऊक होती. कोत काय असते हेही ठाऊक असणार. तरी त्या विषयावर दोघांत बोलणं झाल्याचं आईलाही आठवत नाही, बाबांनाही नाही. वर्षातून एकदा, त्याच दिवशी, न चुकता एकत्र बसायचं, हेच कदाचित त्यांचं बोलणं असेल. मला त्याचा अर्थ लावायचा मोह होतो, पण ते दोघंही आता हो किंवा नाही म्हणायला नाहीत.

२००८ च्या नोव्हेंबरात सीएसटीवर हल्ला झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. टीव्हीवर पोलिसांच्या हातात थ्री-नॉट-थ्री दिसत होती. समोर एके-४७. सगळं घर हळहळत होतं. आबा एवढंच म्हणाले, "अजून तीच." १९०७ च्या नमुन्याची रायफल एकशे एक वर्षांनी. एक पिढी मागची बंदूक शिपायाच्या हाती देण्याची सवय गोरे गेल्यावर सुटली असं आपण समजत होतो.

आता पट्टीचं. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. म्हणजे तिसरीतला मी ज्याने कॅरमची सोंगटी उचकटत होतो ते कायद्याच्या भाषेत शस्त्र होतं. हे कळल्यावर घरात दोन मतं पडली. काका म्हणाले, गप डब्यात ठेव, साठ वर्षांत कुणी विचारलं नाही. बाबा म्हणाले, आबांची बेरीज कधी चुकली नाही, ही एक राहिलीय.

बाबांचं म्हणणं मला पटलं. काकांचं जास्त सोयीचं होतं.

मी जवळच्या ठाण्यात गेलो. ड्यूटीवरच्या हवालदाराने पट्टी उलटसुलट करून पाहिली. वय माझ्याएवढंच असेल. हे काय आहे, त्याने विचारलं. मी सांगायला सुरुवात केली: मार्क तीन, मॅगझीन, १९१६. दोन मिनिटांनी त्याने हात वर केला आणि वरिष्ठांकडे गेला. वरिष्ठांनी विचारलं, बंदूक कुठे आहे? म्हटलं, बंदूक कधीच नव्हती. मग अर्ज लिहून घेतला, पंचनामा झाला, एका कागदात गुंडाळून पट्टीला लाख लागली. सगळ्याला अडीच तास लागले. कुणी वाईट वागलं नाही, चहा दिला.

"आजोबांची आठवण म्हणून ठेवायची ना," निघताना तो हवालदार हळूच म्हणाला. "आम्हाला काय कळलं असतं?"

मी म्हटलं, आजोबा तुमच्याच खात्यात होते. आर्मरर.

"मग बरोबर आहे," तो म्हणाला.

पावती माझ्याकडे आहे. तीवर लिहिलंय: 'लोखंडी पट्टी, जुनी, नग एक.' ती मी त्याच डब्यात ठेवली आहे, वायसरांबरोबर. रंगाचा डबा उघडायला आता चमचा वापरतो. तो वाकतो.